ईमॅक्समधून एन्क्रिप्टेड मेल पाठवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये मेल लिहायला मजा येते. तो पाठवायला घेतला की पहिल्या दिवशी ती मजा बहुधा उतरते. कर्सर थिजतो, पासवर्ड तीनतीनदा विचारला जातो, नाहीतर खालच्या ओळीत एखादा तीन आकडी एरर येऊन बसतो. माझ्याकडे येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

व्हेरिएबल (म्हणजे ईमॅक्सची एकेक सेटिंग) आणि कमांड यांची नावं खाली उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. ईमॅक्समध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. पहिली पाच-सहा अक्षरं टाकून टॅब दाबला की उरलेलं नाव ईमॅक्स पुरं करतं, त्यामुळे स्पेलिंगची काळजी नको.

ईमॅक्स मेल स्वतः पाठवतं की दुसरा प्रोग्रॅम लागतो?

स्वतः पाठवतं. एसएमटीपीमेल नावाची लायब्ररी ईमॅक्ससोबतच येते आणि टीएलएसचं, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करायचं, काम जीएनयूटीएलएस करतं, जे आवृत्ती २४.१ पासून (२०१२) ईमॅक्समध्येच जोडलेलं असतं. तुमच्या ईमॅक्समध्ये ते आहे का हे बघायला मेटा-कोलन (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट) दाबा आणि कंसात 'जीएनयूटीएलएस-अव्हेलेबल-पी' लिहून एंटर करा. उत्तर निल, म्हणजे 'नाही', आलं तर पुढे वाचू नका, आधी जीएनयूटीएलएससह बांधलेलं ईमॅक्स घ्या. बाकी काहीही आलं तर तुमचं काम होईल.

ग्नस, आरमेल, म्यू-फोर-ई, नॉटमच या मेल वाचायच्या सोयींपैकी काहीही वापरत असाल तरी जाणारा मेल साधारणपणे याच वाटेने जातो. मेल वाचायची सोय वेगळी आणि पाठवायची वेगळी, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. वाचायचं आयमॅप नीट चाललं म्हणजे पाठवायचं एसएमटीपी चाललंच पाहिजे, असं काही नाही.

'एन्क्रिप्टेड' म्हणजे नेमकं काय एन्क्रिप्ट होतं?

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक त्या एकच समजतात.

पहिली वाटेवरची. तुमचं मशीन आणि तुमच्या मेल पुरवठादाराचा सर्व्हर यांच्यातली तार टीएलएसने बंद होते. मधे बसलेल्या कुणालाही तुमचा पासवर्ड दिसत नाही, मेलही दिसत नाही. पण सर्व्हरवर पोचताच मेल उघडा असतो. तिथून पुढच्या सर्व्हरकडे तो एन्क्रिप्ट होऊन जाईल की नाही, हे त्या दोन सर्व्हरांमधलं प्रकरण. तुमच्या ईमॅक्सचा त्यावर काही ताबा नाही.

दुसरी मजकुराची. ओपनपीजीपी किंवा एस-माइम वापरून मेलचा मजकूरच असा बंद करायचा की तो फक्त ज्याला पाठवला त्यालाच उघडता येईल. पुरवठादारालाही वाचता येणार नाही.

पहिली गोष्ट सगळ्यांनी केलीच पाहिजे, तिला निमित्त लागत नाही. दुसरी गरजेप्रमाणे. खालचे बहुतेक प्रश्न पहिलीबद्दल आहेत. दुसरीकडे शेवटी वळू.

पोर्ट कुठला? २५, ४६५ की ५८७?

२५ विसरा. तो सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचा दरवाजा आहे, आणि घरगुती जोडण्यांवर तो पुष्कळदा बंदच केलेला असतो. गंमत अशी की ईमॅक्सचा मूळ पोर्ट २५ हाच आहे. तो बदलायचा राहिला तर पुढचं सगळं बरोबर असूनही मेल जात नाही.

उरले ४६५ आणि ५८७. ४६५ वर जोडणी पहिल्या बाइटपासून टीएलएसमध्ये असते. ५८७ वर बोलणं साध्या मजकुरात सुरू होतं आणि मग 'स्टार्टटीएलएस' म्हणून दोघं टीएलएसमध्ये शिरतात. जुन्या लेखांत ४६५ ला 'कालबाह्य' म्हटलेलं सापडेल. १९९७ साली हा पोर्ट या कामासाठी नोंदवला गेला, लगेच रद्दही झाला, आणि पुढची वीस वर्षं लोक तो तरीही वापरत राहिले. शेवटी जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाने त्याला रीतसर मान्यता दिली. एवढंच नाही, तर मेल सोपवण्यासाठी पहिल्यापासून टीएलएस असलेली ही पद्धतच पसंत करावी असं सांगितलं.

माझं मत विचाराल तर पुरवठादार दोन्ही देत असेल तर ४६५ घ्या. बिघडायला जागा कमी.

कमीत कमी किती सेटिंग लागतात?

पाच. मेटा-एक्स करून 'कस्टमाइझ-ग्रुप' द्या आणि गटाचं नाव 'एसएमटीपीमेल' सांगा. त्या पानावर 'एसएमटीपीमेल-एसएमटीपी-सर्व्हर' मध्ये पुरवठादाराने दिलेलं सर्व्हरचं नाव, 'एसएमटीपीमेल-एसएमटीपी-सर्व्हिस' मध्ये पोर्टचा आकडा, आणि 'एसएमटीपीमेल-स्ट्रीम-टाइप' मध्ये जोडणीचा प्रकार भरा. पानाबाहेरची दोन : 'सेंड-मेल-फंक्शन' ची किंमत 'एसएमटीपीमेल-सेंड-इट' करा आणि 'यूजर-मेल-अ‍ॅड्रेस' मध्ये आपला पत्ता द्या. हा पत्ता खात्याशी जुळत नसेल तर काही सर्व्हर लॉगिन नीट होऊनही पाठवणारा नाकारतात.

जुनी सेटिंग फाइल वर्षानुवर्षं सोबत वागवत असाल तर तिच्यात 'मेसेज-सेंड-मेल-फंक्शन' शोधा. एखाद्या विसरलेल्या ओळीत ते दुसरीकडे वळवलेलं असतं आणि मग 'सेंड-मेल-फंक्शन' कितीही बदललं तरी मेसेज मोड (ईमॅक्सचा मेल लिहायचा भाग) त्याच्याकडे बघत नाही.

स्ट्रीम-टाइपला चार पर्याय दिसतात. मी काहीच निवडलं नाही तर?

तर किंमत निल राहते आणि निलचा अर्थ 'जमलं तर स्टार्टटीएलएस'. २४.१ पासून हेच मूळ वर्तन आहे आणि रोजच्या वापरात ते चालतंही, म्हणून लोक त्याला हात लावत नाहीत.

अडचण 'जमलं तर' मध्ये आहे. ५८७ वर सर्व्हर आधी उघड्या मजकुरात आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो आणि तिच्यात 'स्टार्टटीएलएस' अशी एक ओळ असते. मधे बसलेल्याने ती एक ओळ गाळली की ईमॅक्सला वाटतं, या सर्व्हरला टीएलएस येतच नाही. मग पुढचं बोलणं उघड्यावर. पासवर्ड पाठवताना तो बेस-६४ मध्ये घोळलेला असतो, आणि बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. ते कुणीही क्षणात उलटवतो.

२५.१ पासून (२०१६) ईमॅक्समध्ये नेटवर्क सिक्युरिटी मॅनेजर नावाचा राखणदार आहे. एरवी एन्क्रिप्ट होणारी जोडणी आज साधीच आली, किंवा पासवर्ड उघड्या जोडणीवरून जायची वेळ आली, की तो हटकतो. पण हटकल्यावर घाईत 'हो' म्हणणारे आपणच असतो. त्यापेक्षा तो प्रसंगच येऊ देऊ नका. ४६५ साठी 'एसएसएल' निवडा. नाव जुनं असलं तरी आत चालतं टीएलएसच. ५८७ साठी 'स्टार्टटीएलएस' निवडा. त्याचा अर्थ 'टीएलएस झालं तरच पुढे, नाहीतर जोडणी तोड'. चौथा पर्याय 'प्लेन', म्हणजे कधीच एन्क्रिप्ट करू नको. स्वतःच्याच मशीनवरच्या सर्व्हरशी बोलायचं असेल तर ठीक, एरवी त्याला हात लावू नका.

पासवर्ड कुठे लिहायचा? इनिट फाइलमध्ये चालेल?

नको. इनिट फाइल, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल, आपण कुणाला दाखवतो, गिटमध्ये टाकतो, मदत मागताना आख्खी चिकटवतो.

ईमॅक्सला पासवर्ड पुरवायचं काम ऑथ-सोर्स करतं. ते घरच्या डिरेक्टरीत तीन फाइली या क्रमाने बघतं : डॉट-ऑथइन्फो, डॉट-ऑथइन्फो-डॉट-जीपीजी आणि डॉट-नेटआरसी. फाइलमध्ये एका खात्याला एक ओळ : 'मशीन' हा शब्द, मग सर्व्हरचं नाव, 'पोर्ट', मग आकडा, 'लॉगिन', मग तुमचं नाव, 'पासवर्ड', मग पासवर्ड. मधे नुसती जागा, स्वल्पविराम नाही.

यांतली पहिली फाइल साधी आहे. ती डिस्कवर जशी लिहिली तशीच, उघडी राहते. म्हणून दुसरी वापरा. नावाच्या शेवटी जीपीजी (हा एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम) असलेली फाइल ईमॅक्समध्ये उघडली की ती आपोआप उलगडते आणि सेव्ह करताना पुन्हा बंद होते. सेव्ह करताना कुणाच्या चावीने बंद करू असं विचारेल, तेव्हा आपली चावी निवडा. काहीच निवडलं नाही तर ती नुसत्या परवलीच्या शब्दाने बंद होते, तेही चालतं.

आता यातली गोम. मी साध्या फाइलमधून जीपीजी फाइलमध्ये आलो, जुनी फाइल पुसली आणि निर्धास्त झालो. बऱ्याच महिन्यांनी घरच्या डिरेक्टरीतल्या लपलेल्या फाइली सहज चाळत होतो, तर डॉट-ऑथइन्फो शेपटीसकट हजर! ईमॅक्स बदललेल्या फाइलची जुनी प्रत नावापुढे नागमोडी रेघ लावून ठेवतं, ती ही प्रत. आत पासवर्ड जसाच्या तसा. मी त्या दिवशी पासवर्ड बदलला. तुम्ही आत्ता जाऊन बघा.

दुसरी गोम अशी की फाइलच नसेल तर ईमॅक्स पासवर्ड विचारतं आणि मेल गेल्यावर तो सेव्ह करू का असं विचारतं. हो म्हटलंत तर तो यादीतल्या पहिल्या फाइलमध्ये जातो, आणि पहिली फाइल साधी आहे. त्यामुळे 'ऑथ-सोर्सेस' या व्हेरिएबलमध्ये फक्त जीपीजी फाइलच ठेवून द्या, म्हणजे विषय संपला.

फाइल लिहिली, तरी दर वेळी पासवर्ड विचारतो.

म्हणजे ओळ सापडली, पण जुळली नाही. 'मशीन' पुढचं नाव 'एसएमटीपीमेल-एसएमटीपी-सर्व्हर' मधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आयमॅपच्या सर्व्हरचं नाव तिथे टाकणं ही नेहमीची चूक, कारण दोन्ही नावं दिसायला सारखीच असतात. पोर्ट लिहिला असेल तर तोही जुळला पाहिजे. ४६५ वरून ५८७ वर गेलात आणि इथे बदल केला नाहीत तर ओळ असून नसल्यासारखी. 'एसएमटीपीमेल-एसएमटीपी-यूजर' दिलेलं असेल तर 'लॉगिन' तेच हवं : एकीकडे नुसतं नाव आणि दुसरीकडे पूर्ण पत्ता, असं चालत नाही.

पासवर्डमध्ये जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात ठेवा. नाहीतर जागेपुढचा भाग वेगळा शब्द समजला जातो.

फाइल दुरुस्त केल्यावर 'ऑथ-सोर्स-फरगेट-ऑल-कॅश्ड' ही कमांड चालवा. ऑथ-सोर्स एकदा शोधलेलं दोन तास लक्षात ठेवतं, आणि त्या दोन तासांत माणूस बरोबर असलेली ओळ चार वेळा बिघडवून बसतो. तरीही कळेना तर 'ऑथ-सोर्स-डीबग' ला टी (म्हणजे 'हो') द्या. काय शोधलं आणि काय सापडलं ते मेसेजेस बफरमध्ये, म्हणजे त्या नावाच्या ईमॅक्सच्या पानावर, उमटतं.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी ५३५ येतो. कधी ५३४.

५३५ म्हणजे नाव-पासवर्डची जोडी सर्व्हरला मान्य नाही. पासवर्ड 'बरोबर' असला तरी तो इथे चालणारा नसेल. अनेक मोठे पुरवठादार खात्याचा नेहमीचा पासवर्ड मेल प्रोग्रॅमकडून घेतच नाहीत. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ते बंद केलं. तिथे आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि मग वेगळा अ‍ॅप पासवर्ड तयार करायचा. तो १६ अक्षरांचा असतो आणि पडद्यावर चार-चारच्या गटांत, मधे जागा सोडून दिसतो. फाइलमध्ये उतरवताना त्या जागा काढून टाका. ५३४ सोबत 'अ‍ॅप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड' हे शब्द दिसले तर सर्व्हर हेच सांगतो आहे.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या खात्यांवर कधी अ‍ॅप पासवर्डही बंद असतो आणि फक्त ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी परवानगीचं टोकन, चालतं. ते वेगळं लचांड आहे. त्यासाठी जोडपॅकेज लागतं, आणि खात्याच्या प्रशासकाची परवानगी मिळेल की नाही हे आधी विचारून घेतलेलं बरं.

५३० सोबत 'मस्ट इश्यू अ स्टार्टटीएलएस कमांड फर्स्ट' आलं तर पासवर्डचा काही दोष नाही. स्ट्रीम-टाइप 'प्लेन' वर राहिला आहे.

पाठवलं की ईमॅक्स नुसतं थिजतं. एरर नाही, काही नाही. कंट्रोल-जी दाबावं लागतं.

दहातले आठ वेळा पोर्ट आणि प्रकार यांची फारकत झालेली असते. ४६५ वर 'स्टार्टटीएलएस' निवडलंत की ईमॅक्स जोडणी उघडून सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघतं. सर्व्हर मात्र टीएलएसचं पहिलं पाऊल ईमॅक्सने टाकायची वाट बघतो. दोघंही फोन कानाला लावून समोरच्याने हॅलो म्हणायची वाट बघत बसलेत! उलट ५८७ वर 'एसएसएल' लावलंत तर सहसा थिजत नाही. ईमॅक्स टीएलएस बोलायला जातं, समोरून साधा मजकूर येतो आणि टीएलएसची एरर येऊन जोडणी तुटते.

हे ताडत बसण्यापेक्षा बोलणंच वाचा. 'एसएमटीपीमेल-डीबग-इन्फो' ला टी द्या आणि मेल पुन्हा पाठवा. 'ट्रेस ऑफ एसएमटीपी सेशन टू' या शब्दांनी सुरू होणारा बफर शिल्लक राहील. सुरळीत गेलेल्या मेलचं बोलणं ५८७ वर साधारण असं होतं.

सर्व्हर २२० म्हणतो : मी हजर. ईमॅक्स ईएचएलओ म्हणून आपल्या मशीनचं नाव सांगतं. सर्व्हर २५० ने सुरू होणाऱ्या पाच-सात ओळी देतो, त्यांत एक स्टार्टटीएलएस. ईमॅक्स तोच शब्द परत म्हणतं. सर्व्हर पुन्हा २२०, म्हणजे 'चल, सुरू कर'. इथे टीएलएस जुळतं. मग ईमॅक्स पुन्हा ईएचएलओ म्हणतं, कारण आधीचं सगळं उघड्यावर झालं होतं आणि ते विसरायचं असा नियम आहे. या वेळच्या यादीत 'ऑथ' दिसतं. पुष्कळ सर्व्हर ते टीएलएसनंतरच दाखवतात. पासवर्ड जातो, २३५ येतो. मग 'मेल फ्रॉम' ला २५०, 'आरसीपीटी टू' ला २५०, 'डेटा' ला ३५४, मजकुराखाली एका ओळीवर एकटा टिंब, आणि त्यावर शेवटचा २५०. हा शेवटचा २५० म्हणजे पोच. तो आला की मेलची जबाबदारी सर्व्हरची.

गाडी कुठे अडली ते या साखळीत लगेच दिसतं. पहिला २२० सुद्धा नाही, तर पोर्ट-प्रकाराची जोडी किंवा फायरवॉल बघा. दुसऱ्या ईएचएलओनंतर अडलं, तर लॉगिन. 'आरसीपीटी टू' वर ५५० आलं, तर बहुधा समोरचा पत्ता चुकला आहे आणि तुमच्या सेटिंगला दोष देऊ नका.

हा बफर मदतीसाठी कुणाला द्यायचा असेल तर आधी स्वतः डोळ्यांखालून घाला. त्यात तुमचा पत्ता असतो, समोरच्याचा असतो, आणि बेस-६४ सारखी दिसणारी एखादी ओळ असेल तर तीही काढा.

सर्टिफिकेटबद्दल इशारा येतो. 'ऑलवेज' दाबू का?

थांबा, आधी वाचा. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. पुढे जाऊ नको, फक्त या वेळेपुरतं जा आणि कायमचं मान्य, असे पर्याय असतात. 'कायमचं' दाबलंत तर ती नोंद ईमॅक्सच्या डिरेक्टरीतल्या नेटवर्क-सिक्युरिटी-डॉट-डेटा या फाइलमध्ये राहते आणि त्या सर्टिफिकेटबद्दल पुन्हा विचारणा होत नाही.

सर्टिफिकेट मुदतबाह्य म्हणत असेल तर आधी मशीनचं घड्याळ बघा. बॅटरी गेलेल्या जुन्या लॅपटॉपवर तारीख मागे गेलेली असते. नाव जुळत नाही म्हणत असेल तर सर्व्हरचं नाव नीट टाइप केलंय का बघा. आपल्याच डोमेनचं नाव दिलेलं असतं आणि सर्टिफिकेट मात्र होस्टिंगवाल्याच्या नावाचं असतं, असंही होतं. अशा वेळी होस्टिंगवाल्याने दिलेलं नाव वापरा. स्वतःच्याच सर्व्हरवर स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर ठसा (फिंगरप्रिंट) ताडून 'कायमचं' म्हणायला हरकत नाही. पण मोठ्या पुरवठादाराकडे कालपर्यंत नीट चाललं होतं आणि आज परक्या वायफायवर इशारा आला, तर लॅपटॉप मिटा.

एका लेखात 'एसएमटीपीमेल-ऑथ-क्रेडेन्शियल्स' आणि 'एसएमटीपीमेल-स्टार्टटीएलएस-क्रेडेन्शियल्स' लिहायला सांगितलंय.

तो लेख २०१२ च्या आधीचा आहे किंवा त्यावरून उतरवलेला. २४.१ मध्ये ही पद्धत गेली आणि ऑथ-सोर्स आलं. त्या ओळी काढून टाका.

विंडोजवर फाइल सापडतच नाही.

विंडोजवर ईमॅक्सचं 'घर' तुम्हाला वाटतं तिथे नसतं. होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेलं नसेल तर ते अ‍ॅपडेटाखालच्या रोमिंग फोल्डरला घर मानतं. फाइल ईमॅक्समधूनच उघडून बनवा, म्हणजे ती योग्य जागी पडते. नोटपॅडने बनवलीत तर नावामागे गुपचूप टीएक्सटी चिकटतं, ते वेगळंच.

जीपीजी फाइल उघडताना टर्मिनलचा पडदा विस्कटतो.

टर्मिनलमधल्या ईमॅक्सवर जीपीजीचा पासवर्ड विचारणारा पिनएंट्री आणि ईमॅक्स दोघंही एकाच पडद्यावर लिहायला जातात. 'ईपीजी-पिनएंट्री-मोड' ला 'लूपबॅक' ही किंमत द्या, मग ईमॅक्स स्वतःच खालच्या ओळीत विचारतं. २७ च्या आधीच्या आवृत्तीत याच व्हेरिएबलचं नाव ईपीजीऐवजी ईपीएने सुरू होतं.

दोन खाती आहेत. प्रत्येक मेल ज्याच्या त्याच्या सर्व्हरवरून जायला हवा.

मेलच्या मथळ्यात 'एक्स-मेसेज-एसएमटीपी-मेथड' अशी ओळ घाला आणि तिच्यापुढे 'एसएमटीपी', सर्व्हर, पोर्ट आणि लॉगिनचं नाव द्या. पाठवताना मेसेज मोड ही ओळ वाचून तेवढ्या मेलपुरता सर्व्हर बदलतो आणि ओळ काढून टाकतो. ग्नसमध्ये पोस्टिंग-स्टाइल्स वापरून ती आपोआप भरता येते. एक मेख आहे : जोडणीचा प्रकार त्या ओळीत नसतो. एक खातं ४६५ वर आणि दुसरं ५८७ वर ठेवलंत तर एक चालेल आणि दुसरं अडेल. दोन्ही खाती एकाच प्रकारावर आणा.

मोठी अटॅचमेंट जाईपर्यंत काहीच करता येत नाही.

एसएमटीपीमेल एका वेळी एकच काम करतं आणि तोवर ईमॅक्स अडकून राहतं. एसिंक पॅकेजमधलं 'एसिंक-एसएमटीपीमेल-सेंड-इट' मेल दुसऱ्या ईमॅक्समधून पाठवतं, तुमचं काम मोकळं राहतं. दुसरा मार्ग 'एसएमटीपीमेल-क्यू-मेल' : मेल डिस्कवर रांगेत साठतात आणि 'एसएमटीपीमेल-सेंड-क्यूड-मेल' म्हटलं की एकदम जातात. प्रवासात हे फार कामाचं. रांगेतले मेल डिस्कवर साध्या फाइली म्हणून पडलेले असतात, एवढं ध्यानात ठेवा.

मेल गेला, पण तो एन्क्रिप्ट होऊन गेला हे कशावरून?

स्वतःलाच एक मेल पाठवा आणि आल्यावर त्याचे पूर्ण मथळे उघडा. 'रिसीव्ड' ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या. तळाच्या ओळीत बहुधा तुमच्या मशीनकडून सर्व्हरने मेल घेतल्याची नोंद असते. त्यात 'विथ' या शब्दापुढे ईएसएमटीपीएसए दिसलं की काम फत्ते. शेवटून दुसरा एस टीएलएसचा आणि शेवटचा ए लॉगिनचा. नुसतं ईएसएमटीपीए असेल तर लॉगिन झालं, पण उघड्यावर. पुष्कळ सर्व्हर त्याच ओळीत टीएलएसची आवृत्तीही लिहितात.

आता मजकूरही एन्क्रिप्ट करायचा आहे.

मेल लिहिताना मेटा-एक्स करून 'एमएमएल-सेक्युअर-मेसेज-साइन-एन्क्रिप्ट' द्या. मजकुराच्या डोक्यावर 'सेक्युअर' असलेली एक खूण येते. तेवढ्याने काहीही एन्क्रिप्ट झालेलं नसतं. ती खूण पाठवायच्या क्षणी अमलात येते. पडद्यावर मजकूर जसाच्या तसा दिसतो म्हणून घाबरू नका.

समोरच्याची सार्वजनिक चावी तुमच्या जीपीजीमध्ये असावी लागते. ती नुसती कुठून तरी उतरवून घेऊ नका. तिचा ठसा फोनवर किंवा समोरासमोर ताडून घ्या. चुकीच्या माणसाच्या चावीने बंद केलेला मेल एन्क्रिप्टेडच असतो, फक्त नको त्या माणसासाठी.

'एमएमएल-सेक्युअर-ओपनपीजीपी-एन्क्रिप्ट-टू-सेल्फ' ला टी द्या. नाहीतर स्वतःचाच पाठवलेला मेल स्वतःला उघडता येत नाही, आणि हे कळतं तेव्हा नेमकं त्या मेलात आपण काय कबूल केलं होतं तेच बघायचं असतं.

या पद्धतीत, म्हणजे पीजीपी-माइममध्ये, अटॅचमेंटही बंद होतात. विषयाची ओळ मात्र बंद होत नाही, कुणाकडून-कुणाला हेही नाही. तेव्हा सगळी गोष्ट विषयातच लिहून खाली एन्क्रिप्ट करण्यात अर्थ नाही. बीसीसी टाळा : एन्क्रिप्टेड मेलात ज्या चाव्यांनी तो उघडतो त्यांच्या खुणा असतात, त्यामुळे लपवलेला माणूस लपत नाही.

आणि कच्चे खर्डे. लिहीत असताना मेसेज मोड मधून मधून ऑटोसेव्ह करतो आणि तो खर्डा डिस्कवर उघडा असतो, बहुधा घरच्या मेल डिरेक्टरीतल्या ड्राफ्ट्समध्ये. नाजूक पत्रव्यवहार असेल तर 'मेसेज-ऑटो-सेव्ह-डिरेक्टरी' एन्क्रिप्टेड डिस्कवर वळवा.

मी व्हिम वापरतो. यातलं मला काय लागू?

व्हिम स्वतः मेल पाठवत नाही. बहुतेक जण मट या मेल प्रोग्रॅममध्ये व्हिम एडिटर म्हणून लावतात आणि पाठवायचं काम मट करतं. तिथे पत्त्याच्या सुरुवातीला 'एसएमटीपीएस' लिहिलं की ४६५ ची वाट, 'एसएमटीपी' लिहून ५८७ दिलं तर स्टार्टटीएलएसची. दुसरी वाट घेतलीत तर 'एसएसएल-फोर्स-टीएलएस' चालू आहे याची खात्री करा.